गयाबाईंची काचेची टाकी

गयाबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या शाळेच्या ओसरीत, गुडघे टेकून एका काचेच्या टाकीला नाक लावलेल्या. माझं नाव घालायला वडील आले होते. त्यांनी खाकरून बघितलं. बाई मान न वळवता म्हणाल्या, "थांबा जरा, बघायलेय." वडील थांबले. त्यांना थांबवणारं माणूस तोवर मी पाहिलं नव्हतं.

निजामी अमलातली परभणीची ती मुलींची शाळा चार खोल्यांची. बाई मराठी आणि गणित शिकवत. पुस्तकी मराठी मात्र फळ्यावरच, तोंडात नाही. पूर्ण्याच्या रेल्वे बंगल्यातला कोणी साहेब बदलीवर जाताना ती टाकी टाकून गेला. बाईंनी ती आणली, सोबत तिथल्या वेलीची एक फांदी. आता घरोघर मनीप्लँट म्हणून मिरवते तीच ही वेल. तेव्हा आमच्याकडे तिला नावही नव्हतं. टाकीवर कामट्यांची जाळी, तिच्यातून मुळ्या पाण्यात सोडलेल्या, पानं वर. खाली दुधना नदीतले बोटाएवढे मासे.

"माशांची घाण वेल खाते, म्हणून पाणी नितळ राहतं," बाई सांगत. "वेलीला माती नको, माशांना नोकर नको."

बाई माळकरी. त्यामुळे गावाच्या थट्टेला ऊत यायचा. एका मुलीचे काका रोज जाता-येता विचारत, "बाई, कालवण कधी?"

"तुमच्या घरी पोपट हाय न्हवं?" बाई म्हणाल्या. "त्याचं झालं की सांगा."

त्या वर्षी हिवताप फार होता. वर्गात निम्म्या जागा रिकाम्या. सफाईचे दरोगा हुकूम घेऊन आले: डासांच्या अळ्या होतात असं साठलेलं पाणी दिसेल तिथे ओतायचं. टाकीपाशी थांबून म्हणाले, "बाई, ये पानी गिरा दो. मच्छर होते."

"अळी दाखवा, मी स्वतः वतते," बाई म्हणाल्या. "माझे मासे अळ्या खातात."

माणूस वाईट नव्हता. आठ दिवसांनी तपासतो म्हणाला.

इथे आम्ही मुलींनी शहाणपण केलं. आमच्या भागात गंगेच्या घाटावर, म्हणजे गोदावरीवर, माशांना कणकेच्या गोळ्या घालून नवस बोलतात. टाकी वाचावी म्हणून मी आणि माझ्या वर्गातल्या शेवंताने सोमवार धरून परातभर गोळ्या वळल्या आणि मधल्या सुट्टीत सगळ्या टाकीत सोडल्या. गंगेला त्या पचतात. टाकीला पचल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागले.

आम्ही कबूल केलं. बाईंनी हात उगारला नाही.

"नवस तुमचा, जीव माशांचा गेला असता," त्या म्हणाल्या. "आता रडून पाणी वाढवू नका. अर्धं काढायचंय."

अर्धं पाणी काढलं, रात्रभर घागरीत निवलेलं नवं घातलं. खाणं बंद. उरलेलं काम मुळ्यांवर सोडलं. शेवंता म्हणाली, "बाई, टाकी दोन दिवस माझ्या घरी लपवू." बाई म्हणाल्या, "चोरी केली का आपण?"

आठव्या दिवशी मासे पुन्हा तळाशी फिरू लागले होते, पण पाणी अजून गढूळच. दरोगा आले, मागे हेडबाई. हेडबाईंना टाकी आधीपासून खुपत होती. त्या म्हणाल्या, "बघा किती घाण. ओतून टाका."

"साहेब, हुकूम अळीचा हाय की गढूळ पाण्याचा?" बाईंनी विचारलं.

"अळीचा," दरोगा म्हणाले.

"मग बघा."

दरोगांनी पांढरं तामचिनी भांडं तीनदा बुडवून उन्हात धरलं. एकही अळी नाही. बाई म्हणाल्या, "आता तेच भांडं तिकडे बुडवा," आणि हेडबाईंच्या खोलीबाहेरचा रांजण दाखवला. भांड्यात अळ्या वळवळत आल्या. बाईंनी भांडं घेऊन टाकीत रिकामं केलं. आमची प्रार्थना संपायला लागतो त्याहून कमी वेळात मासे सगळ्या खाऊन मोकळे. दरोगा हसले आणि टाकीला हात न लावता गेले. ते हसले तेच नडलं.

हेडबाईंनी बाईंना बोलावलं. टाकी ओतायची आणि माफीनामा द्यायचा, नाहीतर बदली. आम्ही दाराशी कान लावून होतो. बाईंनी कागद मागितला, उभ्याउभ्या एक ओळ लिहिली आणि वाचूनही दाखवली: "रांजणात अळ्या होत्या, टाकीत नव्हत्या."

महिन्याभरात पोखर्णीची बदली आली. तिथे मुलींचा एकच वर्ग, तोही देवळाच्या ओवरीत. दुसरी कोणी असती तर वडिलांकडून, दिरांकडून रदबदली करवली असती. बाईंनी बैलगाडी सांगितली. टाकी मधोमध पेंढ्यात बसवली, कडेला ट्रंक आणि वळकटी.

गाडीवान चाकं बघून म्हणाला, "बाई, पाणी वता की. तिथं आड हाय, भरून घ्या. बैलास्नी वझं लय व्हायलंय."

"पाणी ऱ्हाईल," बाई म्हणाल्या. "वझं होत असंल तर मी उतरते."

आणि उतरल्या. चपला काढून ट्रंकेवर ठेवल्या, पदर खोचला, टाकीच्या काठावर एक हात ठेवून गाडीच्या चालीने निघाल्या. आम्ही नाक्यापर्यंत मागे गेलो. त्यांनी वळून पाहिलं नाही. रस्ता खडबडीत होता आणि पाणी हिंदकळत होतं.