गळणारा दगड

मोबाइलवरचा खेळसुद्धा ओळंबा लावून खेळणारा माणूस बेळगाव तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. कडोलीचे गवंडी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. कामं मिळेनाशी झाली तेव्हा त्यांच्या मुलीने फोनमध्ये ठोकळ्यांनी बांधकाम करायचा एक खेळ घालून दिला. मन रमेल, एवढाच तिचा हेतू. अण्णांनी ते कंत्राट समजून अंगावर घेतलं. भिंत उभी राहिली की फोन पाटावर टेकवायचा, शेजारी खरा ओळंबा सोडायचा आणि एक डोळा मिटून बघायचं. खेळात सगळे ठोकळे आयते मिळण्याचीही सोय आहे. ती त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकली. "फुकटच्या दगडाला धर नसतोय वो," म्हणाले. त्या जगात छत कधीच कोसळत नाही, तरी हे प्रत्येक छताखाली लाकडाचे टेकू देतात आणि खेळातले एकवीस दिवस मोजल्याशिवाय काढत नाहीत. मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "अण्णा, ह्यात स्लॅब पडत न्हाय." अण्णा म्हणाले, "न पडणाऱ्या स्लॅबवरच इश्वास ठेवू नये, बाळ."

एका रविवारी ते पिरनवाडीला आमच्या घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "तुमचं घर बांधायलोय." फोनवर खरोखरच आमचं घर होतं. जिन्याच्या पायऱ्या तेवढ्याच, खिडक्या तिथेच, परड्यातलं पेरूचं झाडसुद्धा. "एकच राहिलंय. हॉलातली गळती." त्या खेळात दगडातून पाणी झिरपत नाही. त्यासाठी एक वेगळा दगड लागतो. तो खोल गुहांमध्येच सापडतो, छताला गाजरासारखा टोकदार लोंबतो. स्लॅबवर पाणी ठेवायचं आणि खालून तो दगड टांगायचा, की थेंब पडायला लागतात.

आता कबूल करायला हवं. आमचा स्लॅब काही वर्षांपूर्वी अण्णांनीच टाकला. वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला होता, म्हणून एकवीस दिवस न थांबता आठव्याच दिवशी मी टेकू काढायला लावले. अण्णा नको म्हणत होते. मी म्हणालो, "घर माझं आहे, बघतो मी काय व्हायचं ते." पहिल्याच पावसाळ्यात हॉलमध्ये बादली ठेवावी लागली, आणि पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी बोलून गेलो, "अण्णांचं काम कच्चं निघालं." एवढं एकच वाक्य. ते सासुरवाडीतून गावभर फिरलं आणि अण्णांची थापी खुंटीला लागली.

दीड महिना ते खेळात तो दगड शोधत होते. पायरी पायरीने सरळ खाली खोदायचं, आडवंतिडवं उकरायचं नाही, कारण "गवंडी उंदरागत बीळ पाडत न्हाय." एकदा धगधगत्या लाव्हात पडून सगळं सामान जळालं, दुसऱ्या दिवशी पहिलं लाकूड तोडण्यापासून पुन्हा सुरुवात. गुहेत बाण मारत येणाऱ्या सांगाड्यांविषयी तक्रार एवढीच, की "कामात लई आडवं येत्यात." मी जीव तोडून सांगत होतो, "अण्णा, गळती नाही दाखवली तरी चालेल." ते म्हणाले, "घर तुमचं, काम माझं. हाय तसंच दिसाय पायजे."

कडोलीच्या जत्रेला आम्ही सगळे अण्णांकडे जेवायला गेलो त्याच सकाळी दगड सापडला होता. पंगत उठल्यावर अण्णांनी फोन मधोमध ठेवला. स्लॅबखाली तो दगड लोंबत होता, खाली बादलीच्या जागी एक कढई, आणि आमच्या हॉलात गळतं नेमक्या त्याच जागी थेंब. टप्. टप्.

माझा मेहुणा हसला. "अण्णा, फोनमधला स्लॅबबी गळतोय की तुमचा. हात लई गुणाचा हाय."

सगळे हसले. अण्णा कढईकडे बघत राहिले. माझ्या तोंडून निघून गेलं, "स्लॅब पक्का होता. टेकू मी काढायला लावले, आठव्या दिवशी. अण्णांचं काम कच्चं, हे मी खोटं बोललो."

बायको माझ्याकडे बघत होती. मेहुण्याने विचारलं, "अण्णा, तुमास्नी ठावं व्हतं की हे. इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"टेकू माझ्याच हातानं काढल्यात, ठावं नसाय काय झालं," अण्णा म्हणाले. "पर बोलायचं काम माझं न्हवतं. ज्येचं त्येनं करायचं." आणि मला म्हणाले, "पान खावा."

पुढच्याच महिन्यात मेहुण्याने स्वतःच्या घराचं काम त्यांना दिलं. पण मधल्या वर्षांनी अण्णांचे गुडघे खाल्ले होते. शिडीच्या तीन पायऱ्या चढून ते खाली बसले आणि काम भाच्याच्या हवाली केलं.

आता तो खेळ मीही शिकलोय. रविवारी दोघं शेजारी बसून दोन फोनवर एकच घर बांधतो. खेळात मी खाली उभा राहून दगड पुरवतो. अण्णा शिडीवरून भराभर वर चढतात, कुठे न थांबता, आणि वर पोचले की म्हणतात, "द्या वो, साडू."