दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आधी मामा

हसू नका, गाल खरंच दुखतोय. चहा घ्या आधी, मग सांगतो. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये!

मी शिंपी माणूस, म्हैसुरात आमचं वडिलांपासूनचं दुकान. दिवसभर सुयांशी खेळतो, पण इंजेक्शनची सुई दिसली की मी दाराबाहेर. तर झालं काय, माझ्या भाचीची, वीणाची, दाढ किडली. बारा वर्षांची घोडी, कळवळायची, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की पलंगाखाली! माझी अक्का म्हणाली, "तुझं ऐकते ती. तूच ने बाबा."

आता आपल्या इथल्या मराठी घरांतली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पोरांपासून लपवायचं ते मोठी माणसं मराठीत बोलतात. पोरं उत्तरं देतात कन्नडमध्ये. त्यांना मराठी 'जेव' आणि 'झोप' एवढंच कळतं, अशी आपली ठाम समजूत!

अग्रहार भागातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्यातल्याच, मराठी. वाटेत वीणाला मी कन्नडमध्ये शपथेवर सांगितलं, नुसतं बघणार, टोचणार नाहीत. आणि तिथे पोचल्यावर तिच्यासमोरच खुशाल मराठीत म्हणालो, "बाई, फक्त बघते म्हणा आणि गुपचूप इंजेक्शन देऊन टाका."

वीणानं तोंड असं मिटलं, की पकड लावली तरी उघडलं नसतं. म्हणजे मराठी सगळी कळत होती तिला, आणि मग एकदम ओरडली,

"सुळ्ळु! सगळं खोटं! मामा, तू पण?"

डोळ्यांत पाणी हो पोरीच्या! मला फार वाईट वाटलं. घरात एकट्या माझ्यावर तिचा विश्वास, तोही मी घालवला. आता ही कुठल्या डॉक्टरची पायरी चढते?

"बरं, काय केलं तर बसशील?"

"मोदलु नीनु!" म्हणजे, आधी तू.

बसलो. नुसतं तोंड तर उघडायचं, त्यात काय? बाईंनी दिवा लावला.

"दोरा दातानं तोडता ना? पुढच्या दाताला खाच पडलीय."

"हो."

"आणि ही मागची दाढ? पार गेलीय. आजच काढू या."

माझं धाबं दणाणलं! बाईंना विनवायचं, पण कशात? मराठी पोरीला कळते, कन्नड तर तिचीच, इंग्रजी ती शाळेत शिकते. घाबरायला माझ्याकडे भाषाच उरली नव्हती! आणि उठून पळावं, तर ती माझ्याआधी रस्त्यावर.

"काढा," म्हणालो. पुढचं विचारू नका. शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं डोकावून गेली म्हणे.

नंतर वीणा मात्र शहाण्यासारखी बसली. सुई टोचली, दाढ भरली, हूं की चूं नाही. माझं सगळं बघितल्यावर तिला भीती कसली उरणार? मी सुजल्या गालानं मनातल्या मनात खूश!

घरी आलो तर अक्का दारातच उभी. मला हळूच मराठीत विचारलं, "फार रडारड झाली का रे?"

माझ्या तोंडात कापूस. वीणानंच स्वच्छ मराठीत सांगितलं, "झाली थोडी. पण मी हात धरून ठेवला, मग गप्प झाला बिचारा."