सगळी नावं वर

सुगंधा परबला राग आला की ती आरडाओरडा करत नसे. ती सांगितलेलं ऐकायची, अगदी जसंच्या तसं. गुरुदास सरांना हे ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली भाईंनी मालवणात कॉम्प्युटरचा वर्ग काढला. मशीन एक, शिकवणारे दोन: गुरुदास सर आणि सुगंधा. जवळच्या कट्टा गावात दुसरा वर्ग निघणार होता, तो दोघांपैकी एकाला मिळणार. सुगंधाला तो हवाच होता.

प्रोग्राममध्ये प्रत्येक आकडा ठेवायला एक नाव लागतं, व्हेरिएबल. सुगंधा ते नाव जिथे लागेल तिथेच, पूर्ण शब्दात सांगायची. "दशावतारी नाटकात राजा आत येता तेव्हाच सांगता, मी अमको. सगळ्यांनी आधीच रांगेत उभे रवान नावां सांगितली, तर मागसून कोणाक आठवतली?"

सर मुंबईत सहा महिने काढून नाकात बोलायला शिकले होते. "ॲक्च्युअली, मिस परब, इथे दशावतार नको. सगळी नावं वर, एक अक्षर, एक आकडा. खाली फक्त काम." पोरं फिदीफिदी हसली. 'दशावतारीणबाई' हे नाव तिला बाजारापर्यंत चिकटलं.

मग आंब्याचे व्यापारी गंगारामशेठ यांच्या पेट्यांचा प्रोग्राम आला. सुगंधाने तो सरांच्या हुकुमाप्रमाणे लिहिला. वर अक्षरांची जत्रा, खाली रान. सरांनी न वाचताच त्यावर स्वतःचं नाव घातलं.

शेठ बघायला आले. "बरो चलता. आता डागी आंबे वेगळे दाखय."

सर पडद्यावर प्रोग्रामच्या खालच्या ओळींत उतरले आणि अडले. हळूच म्हणाले, "मिस परब, हा के-सात कोण?"

"वर आसा, सर."

सर वर गेले, के-सात सापडला, खाली येईपर्यंत ओळ हरवली. "आणि एम-दोन?"

"तोय वर."

सरांचा शर्ट पाठीला चिकटला. भाई बघत होते. "अरे गुरुदास, तू प्रोग्राम करतस की माडार चढतस?"

सुगंधा नाकात म्हणाली, "ॲक्च्युअली भाई, खाली फक्त काम."

पोरं पुन्हा हसली, या खेपेला सरांना.

शेठना डागी आंबे सुगंधाने दाखवले, स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहून. कट्ट्याचा वर्गही तिलाच मिळाला. निघताना सर दारात आडवे आले. "तो जुना प्रोग्राम तेवढा पुसून टाका."

"तुमचा नाव आसा तेच्यार, सर. पुसू कसो?"

कट्ट्याला प्रत्येक नव्या तुकडीला ती पहिल्याच दिवशी तो पडद्यावर लावते, सरांच्या नावासकट. "ज्याका ह्या समजात, तेका परीक्षा माफ."

आजवर कोणालाही माफ झालेली नाही.