यानाचा पाइप

थळच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक मेकॅनिक दर महिन्याला माझ्या पुस्तकांच्या दुकानात येतो. ऑइलने माखलेले हात पाठीमागे बांधून विचारतो, "आला काय अंक?" अंतराळयानाच्या चित्रकथेची ती मालिका तो पहिल्या अंकापासून वाचतोय.

यंदा अंक चार महिने रखडला. बाकीचे वाचक माझ्यावरच भडकले. हा म्हणाला, "करू दे त्यांना नीट. मी तरी कुनाला येळंवर इंजिन दिलंय?" खरंच होतं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, होडीवाले डोक्यावर येऊन ओरडले, तरी मनासारखा आवाज ऐकल्याशिवाय तो इंजिन सोडत नाही.

शेवटी अंक आला, पण चित्रकार बदललेला. मेकॅनिकने हात पुसले, उभ्यानेच पानं उलटली आणि यानाच्या चित्रावर थांबला.

"इंजिन थंड ठेवनारा पाइपच न्हाय. आधीचा कधी इसरला न्हाय."

कानावरची पेन्सिल घेऊन त्याने पाइप काढला. मग गठ्ठ्यातले उरलेले सहा अंकही पुढे ओढले.

"अहो, ते विकायचेत!" मी म्हणालो.

"म्हनूनच," तो मान वर न करता म्हणाला. "आत मानसं हायेत."