स्कॉटलंडचे खून आणि माझी दहावी

माझ्या सुनेला खुनाच्या गोष्टींचा नाद आहे. त्याही कुठल्याही चालत नाहीत, स्कॉटलंडच्याच लागतात. ऑफिसला जाता-येता ती गाडीत त्या कादंबऱ्या ऐकते आणि घरी आल्यावर हात धुऊन माझ्याजवळ ओट्याशी येते. मी पोळ्या लाटते, ती भाजते आणि दिवसभरात ऐकलेलं मला मराठीत सांगते. पोळ्या होईपर्यंत एक प्रकरण होतं. पाहुणे येणार असले तर दोन.

दोन वर्षांपूर्वी मी अमेरिकेत, नोव्हायला मुलाकडे राहायला आले, तेव्हा स्कॉटलंड कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. नातीनं तिच्या पृथ्वीच्या गोळ्यावर इंग्लंडच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं. एवढासा देश आणि एवढे खून! तिथं सारखा पाऊस, सारखा चहा आणि प्रत्येक घरात दोन भाऊ वीस वर्षं एकमेकांशी बोलत नसतात. तपास करणारा साहेब बहुतेक बायकोनं सोडलेला असतो आणि कधी धड जेवत नाही. मी सुनेला विचारलं होतं, "ह्याला डबा कोण देतं गं?" ती म्हणाली, "कोणी नाही आई, म्हणून तर तो असा चिडका आहे."

तिथल्या लोकांचं इंग्रजी असं की सुनेलाही मागे नेऊन पुन्हा ऐकावं लागतं. इथं दहा वर्षं नोकरी करणारीला! हे कळल्यापासून मला फार बरं वाटलं.

खुनी कोण हे मला आधी कळतं आणि तिला कळत नाही, ही आमच्या घरातली गंमत. ती दर वेळी सगळ्यात वाईट बोलणाऱ्या माणसाला धरते. मी ऐकताना घर बघते. किल्ल्या कोणाकडे असतात, कोण जेवायला बसत नाही, कोण जास्त कामं काढतं. एका गोष्टीत म्हातारा बाप हरवला होता आणि थोरली मुलगी त्या दिवशी सगळ्या घराच्या चादरी धूत होती. मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "हिनंच. बाहेर पाऊस आहे ना? पावसात कोण चादरी धुवायला काढतं?"

आठवड्यानं सून दारातूनच ओरडली, "आई, चादरीवालीच निघाली! यार, तुम्ही कमाल आहात. दहावीला फर्स्ट क्लास असणार तुम्हाला, नक्की!"

मी पीठ चाळायला घेतलं. मघाशीच चाळलेलं होतं, तेच पुन्हा.

कारण मी दहावी नाही. मी चौथी आहे. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि घरात सांभाळायला लहान भावंडं. त्याचं मला कधी फार काही वाटलं नव्हतं, आमच्या गल्लीत सगळ्याच चौथी. पण मुलाच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा त्यानं बायोडेटा तयार केला. त्यात आईचं शिक्षण असा रकाना होता. मुलीच्या आई मुख्याध्यापिका होत्या. मुलानं पटकन दहावी टाकलं आणि मला म्हणाला, "आई, कोण विचारतंय?"

खरंच कोणी विचारलं नाही, सात वर्षं. पण खोट्याला टेकू द्यावे लागतात. सुनेनं एकदा सहज म्हटलं, "तुमचं परीक्षेचं सेंटर कुठे होतं आई?" मी तालुक्याचं नाव सांगितलं. मग तिथं मी कशी गेले, पेपरला काय नेसले होते, हेही सांगितलं. त्या गोष्टींतले खुनी असेच पकडले जातात. पहिल्या खोट्यात कोणी सापडत नाही, त्याला लावलेल्या टेकूत सापडतो. शिवाय विहीणबाईंचा रविवारी सकाळी फोन येतो. त्यांना वाचनाची आवड, काय वाचताय म्हणून विचारतात. फोन वाजला की मला नेमकं कपडे वाळत घालायचं आठवतं. इथं कपडे मशीनमध्ये वाळतात.

या जानेवारीत सुनेच्या मनात आलं की मला इंग्रजी शिकवायचं. गावच्या लायब्ररीत मोठ्या माणसांसाठी शनिवारी वर्ग असतो. "तुम्ही स्वतः ऐकायला लागाल आई, मग मला सांगायचं." मी बरं म्हटलं. नातीनं मला कॅपिटल अक्षरं शिकवली होती. लहान अक्षरं अजून व्हायची होती.

लायब्ररीतल्या बाई पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. त्यांनी फॉर्म दिला. सून उभ्या-उभ्या भरत गेली. नाव, पत्ता, जन्मतारीख. शाळा किती वर्षं, तिथं न विचारता तिनं दहा लिहिलं. बाई काहीतरी बोलल्या, सून खुशीत माझ्याकडे वळली. "आई, दहा वर्षं शाळा झालीय म्हणून तुम्हाला डायरेक्ट दुसरा ग्रुप! पहिल्या दिवशी एक पान वाचून दाखवायचंय, बास."

मी त्या पानाचा विचार केला. अनोळखी माणसं, पुढ्यात पान आणि त्यातली निम्मी अक्षरं न शिकलेली.

"चौथी," मी म्हणाले.

"काय?"

"चौथी."

"आई, मोठ्यानं बोला ना, कोणाला मराठी येतंय इथं?"

"चौथी पास आहे मी! दहावी नाही!" माझा आवाज एवढा चढला की खिडकीशी पेपर वाचणारे गृहस्थ वळून बघायला लागले.

सुनेनं दहावर काट मारली, वर चार लिहिलं आणि फॉर्म बाईंना दिला. बाईंनी मला पहिल्या गटाचा पिवळा कागद दिला. आम्ही गाडीत येऊन बसलो. गाडी सुरू झाली तसा स्कॉटलंडचा माणूस मोठ्यानं बोलायला लागला. तिनं त्याला बंद केलं.

तो रस्ता दहा मिनिटांचा आहे. तिचा चेहरा काही सांगत नव्हता. मी मनात मोजत होते की हिला मी कायकाय खोटं सांगितलंय. परीक्षेला नेसलेली निळी साडी आठवली आणि तोंड लपवावंसं वाटलं. आता ही ओट्याशी उभी राहील का, एवढीच मला काळजी होती.

सिग्नलला ती म्हणाली, "त्यानं लिहिलं ना ते?"

"कोणी?"

"तुमच्या मुलानं. त्याचे बाबा तर दुकानदारानं चुकून दिलेला जास्तीचा रुपयाही परत करणारे होते. तुम्ही लिहिलं असतं तर आज गप्प बसला असता. मग उरलं कोण?"

मला हसू फुटलं. इतक्या कादंबऱ्यांत पहिल्यांदाच तिनं बरोबर माणूस पकडला होता. "पण निळी साडी माझी," मी म्हणाले. "ती मीच सांगितली. चुकलं माझं."

"साडी छान होती हो," ती म्हणाली आणि तीही हसली. पण डोळे पुसले.

मुलगा घरापुढचा बर्फ ओढत होता. सून गाडीतून उतरली ती थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आईंचं शिक्षण काय?"

तो फावडं टेकून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. "अगं ते... अपडेट करायचं राहून गेलं."

"सात वर्षं?"

"तुझी आई हेडमिस्ट्रेस. म्हटलं, आईला कमी वाटायला नको."

मी सहसा त्यांच्या मध्ये पडत नाही. पण तोंडातून आलंच. "मला कमी वाटत नव्हतं रे. तू लिहिल्यावर वाटायला लागलं."

पायऱ्यांवरचा बर्फही त्यानं काढला, जो तो कधी काढत नाही. मग आत येऊन स्वतः चहा केला, आणि साखर घालायला विसरला. आम्ही तसाच प्यायलो.

रविवारी फोन वाजला. सुनेनं तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, तुम्ही सांगता का मी सांगू?" मी घेतला. विहीणबाई स्क्रीनवर आल्या, चष्मा लावलेल्या. मी आधी तब्येत विचारली, मग म्हटलं, "विहीणबाई, एक सांगायचं राहिलं होतं. मी चौथी शिकलेय. बायोडेटात दहावी होतं, ते खरं नाही."

स्क्रीनवरचा चष्मा हलेना. मला वाटलं फोन अडकला.

"मग आता काय करू?" त्या म्हणाल्या. "मुलगी परत नेऊ?"

"नको, पोळ्या भाजायला कोणी राहणार नाही," मी म्हणाले. मला हे कसं सुचलं कोण जाणे. त्या हसल्या. मग एकदम शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "चौथीनंतर लिहिलंत काही?"

"वाण्याची यादी."

"ते लिहिणं नव्हे. रोज एक पान लिहायचं, मनातलं. र्‍हस्व-दीर्घ मी बघेन. रविवारी फोनपुढे वही धरायची."

म्हणून सध्या वही आहे. शनिवारी पहिला गट, तिथं आम्ही सहा आज्या आहोत आणि लहान अक्षरं शिकतो आहोत. बाकीच्या दिवशी पान. ओट्याशी गोष्ट चालूच आहे. परवाच्या कादंबरीत मी खुनी चुकीचा सांगितला. सुनेचा बरोबर निघाला, आणि तिनं तीन दिवस त्याचं कौतुक करून घेतलं.

विहीणबाईंना मी भाजीची, बर्फाची, नातीची पानं दाखवते. हे पान दाखवायचं नाही. त्यांचा फोन वाजला की मी कपडे वाळत घालायला पळायचे, हे त्यांना अजून माहीत नाही.