ओहोटीची वाट पाहताना

त्या काळात माझं मन देवावरून उडालं होतं. हैदराबाद संस्थानातल्या धामधुमीत आमचे मालक कित्येक महिने बेपत्ता होते. ते सुखरूप परत आले, पण माझ्या मनातली भीती काही गेली नाही. गळ्यात इष्टलिंग होतं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन मी पूजा करत होते, पण हात आपले सवयीनं चालत, आत सगळं कोरडं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. लेक परत आला तर समुद्रात स्नान करीन, असं त्या बोलून बसल्या होत्या. सगळा जन्म बिदरजवळच्या कमठाण्यात गेलेला. तलावापेक्षा मोठं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. मालक म्हणाले, "अव्वा, आपल्यात अंगावरचं लिंग हाच देव. गोकर्णाला कामून जायचं?"

"देवळासाठी न्हाई रे. ज्या पाण्याला पल्याड काठ न्हाई, ते बघायचंय. त्यालाच बोलले होते मी."

तुरीची रास घरात आल्यावर आम्ही तिघं निघालो. गाड्या बदलत हुबळी गाठली, मोटारीनं घाट उतरलो, खाडी होडीतून ओलांडली. तिकडे सगळंच निराळं. खाडीच्या चिखलात मुळं वर काढून उभी असलेली झाडं, भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध, वाऱ्याला अंगावर न घेता वाकून बसलेली झावळ्यांची घरं. किनाऱ्याचा दगड मात्र आमच्या बिदरसारखाच लाल. लाटांनी त्याला इतकं पोखरलं होतं की जागोजागी कोनाडे पडले होते. समुद्र दिसला तेव्हा आत्याबाई चालता चालता थांबल्या आणि त्यांनी हात जोडले.

सकाळी आम्ही दोघी पाण्यात उतरलो. भरती संपत आली होती. एक मोठी लाट आली, आत्याबाई पडल्या. मी त्यांना उठवलं, तर त्यांचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. शिवदोरा तुटला होता. लिंग ठेवलेली चांदीची डबी, जिला आम्ही करडगी म्हणतो, ती लाटेबरोबर गेली होती.

आमच्यात याहून मोठं संकट नाही. लग्नाच्याही आधीपासून त्यांनी ते अंगावेगळं केलं नव्हतं. त्या ओल्या लुगड्यानिशी वाळूत बसल्या आणि म्हणाल्या, "लिंग हाताला येईस्तोवर पाणीबी पिणार न्हाई."

मालकांनी समजूत घातली, "अव्वा, मठात जाऊ. तिथल्या स्वामींकडून, अप्पांकडून दुसरं घेऊ."

"तू गावला नसतास तर दुसरा लेक आणला असता का रे मी?"

मालक धोतर खोचून पाण्यात शिरले आणि तळाची वाळू चाचपू लागले. मला रडू आवरेना.

जवळच मासे वाळत घालणारी एक कोळीण आमच्याकडे पाहत होती. चाळिशीची असेल. ती आली आणि कन्नडमध्ये विचारू लागली. तिचा हेल वेगळा, पण सगळं समजत होतं. काय हरवलं ते ऐकून ती म्हणाली, "आत्ता शोधून उपयोग नाही. ओहोटी लागू द्या. हा समुद्र घेतो तसा देतोही. आमचं जुनं घर होतं तिथं आज पाणी आहे, आणि आज मी मासे वाळवते तिथं माझी आजी पोहायची." तिनं हाक दिली तशा इतर बायकाही हातातलं काम टाकून आल्या. ओळख ना देख. पाणी मागं सरू लागलं तसं सगळेजण वाळू चाळू लागले, मालकही.

मी आत्याबाईंपाशी बसून होते. दुपार झाली, त्यांचे ओठ सुकले. मी विचारलं, "आत्याबाई, न्हाईच मिळालं तर?"

"ज्या पाण्याला बोलले होते त्याच्याच पदरात पडलंय. माझ्या हातात आता काय हाय? मी नुसती बसायलेय." त्यांचा चेहरा शांत होता. त्या बसण्यानं माझ्या आत काहीतरी सैल झालं. कितीतरी दिवसांनी मी मनापासून हात जोडले. काही मागितलंसुद्धा नाही.

उन्हं कलली. भरती पुन्हा लागली, बायका परतू लागल्या. तेवढ्यात पलीकडच्या खडकांकडून हाक आली. आम्ही आत्याबाईंना धरून तिकडे नेलं. खडकाच्या एका कोनाड्यावर आपली मासळीची पाटी पालथी घालून ती कोळीण तिच्यावर गच्च बसली होती. लाटा तिच्या छातीपर्यंत येत होत्या.

"पाटीखाली आहे," ती ओरडली, "लवकर या!"

"उचललं का नाही, बाई?" मालकांनी विचारलं.

"दुसऱ्याचा देव. माझ्या हाताला मासळीचा वास. कशी हात लावू?"

आत्याबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या. मला वाटलं, आता वाकून करडगी उचलतील. पण त्यांनी आपला डावा तळहात तिच्यापुढे पसरला. "तूच दे, अक्का. तुझ्या हातानंच दे."

मग उठून, पाटी कलती करून तिनं आत हात घातला आणि करडगी आत्याबाईंच्या हातावर ठेवली. दोघी एकमेकींना धरून रडत होत्या, आणि लाटा दोघींवर फुटत होत्या.

पूजा आटोपल्यावर त्या दिवशीचं पहिलं पाणी आत्याबाई तिच्याच झोपडीत प्यायल्या. निघताना आम्ही लुगडं देऊ केलं, तिनं घेतलं नाही. "भरती थांबेना म्हणून बसले होते, दुसरं काय केलं मी?" एवढंच म्हणाली.

डबी त्या खडकात कशी अडकली, याचा मी कधी खल केला नाही. आत्याबाई आता नाहीत. रोज सकाळी लिंग तळहातावर घेते तेव्हा आधी तो ओला, खारा, मासळीचा वास असलेला हात डोळ्यांपुढे येतो. मी त्याला नमस्कार करते आणि मग पूजेला सुरुवात करते.