कन्नड नाटक आणि आमचे मोठेबाबा

मंडळी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आज दुपारी अमरावतीत आमच्या लाडक्या संगीत नाटकाचा कन्नड प्रयोग होता. अकोल्याहून मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाला, घेऊन गेले. अंजनगावच्या हौशी मंडळीत हेच नाटक ते वीस वर्षं विंगेतून प्रॉम्प्ट करायचे. तरी बसमध्ये कुरकुर सुरूच, "भाषा समजत नाही, त मले काहून नेऊन राहिली?"

दुसऱ्या अंकात नायिका बोलताबोलता थांबली. लगेच तिसऱ्या रांगेतून मोठेबाबांनी पुढचं वाक्य दिलं. मराठीत, खणखणीत! सगळे हसले. मला तर तोंड कुठं लपवू असं झालं. बाईंनी मात्र ते वाक्य कन्नडमधून म्हटलं आणि झोकात पद सुरू केलं.

प्रयोगानंतर मी माफी मागायला गेले. बाई बेळगावच्या, मराठी जाणणाऱ्या. म्हणाल्या, "माफी कसली? मी खरंच विसरले होते!"

बसमध्ये मोठेबाबांना विचारलं, "ती विसरली हे तुम्हाला कसं कळलं?"

"विसरलेलं मानूस विंगेकडं पायते. तिनं पायलं, तिथं कोनीच नोतं. मंग म्या नाही त कोनं द्यावं?"

तुमच्याही घरी आहे का असं कुणी, अजून विंगेतच उभं असलेलं?